शेपूट घासली असावी...

बगरूत बायकोचं कापडाचे तागे बघणं सुरू झालं की माझी दोन तासांची निश्चिंती. जयपूरहून तीसेक किलोमीटरवर छिपांचं, म्हणजे कापडावर ठसे उमटवणाऱ्यांचं गाव. अंगणात एक कारागीर कापडावर छापलेल्या दाबूच्या ओल्या चिखलावर लाकडाचा भुसा भुरभुरवत होता. वरून विमान गेलं. त्यानं मान वर केली. "बाबूजी, उठते वक्त इसकी पूँछ ज़मीन से नहीं लगती?"

तीस वर्षं हँगरमध्ये काढलेल्या माणसाला हे विचारू नये. मी भुशातच बोटानं विमान काढायला लागलो.

लागते कधी कधी. वैमानिक नाक सेकंदाला साधारण ३ अंश, असं अलगद उचलतो. घाई झाली किंवा वेग अपुरा असला, तर चाकं जमिनीवर असतानाच शेपूट खाली टेकते. लांब विमानांना धोका जास्त. ए-३२१ हे साडेचव्वेचाळीस मीटरचं, ए-३२० पेक्षा सात मीटरनं लांब. १५ फेब्रुवारी २०२० ला आमच्या पुण्यात लोहगावला एअर इंडियाचं ए-३२१ ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास धावत असताना समोर जीप आणि माणूस दिसला. वैमानिकानं नाक लवकर उचललं, माणूस वाचला. विमान दिल्लीला सुखरूप उतरलं. पोटाखाली घासल्याच्या खुणा निघाल्या.

कधी चूक बोटाची असते. २० मार्च २००९ ला मेलबर्नला एमिरेट्सच्या विमानाचं वजन ३६२.९ टनांऐवजी २६२.९ भरलं गेलं. एका आकड्यानं शंभर टन गायब! इंजिनांना जोर कमी मिळाला, शेपूट धावपट्टीवर घासत गेली. समुद्रावर इंधन सोडून ते सुखरूप परतलं.

कप्तानाला मागे जाऊन बघता येत नाही. काही विमानांत इशारा देणारं यंत्र असतं. नाहीतर मागे बसलेल्या हवाई सेविकेनं ऐकलेला खरखराट हाच पुरावा. तेवढा पुरतो. दहा हजार फुटांच्या वर जायचं नाही, केबिनमधला हवेचा दाब वाढू द्यायचा नाही, टॉवरला कळवून जवळच्या विमानतळावर उतरायचं. धावपट्टीवर तुकडे पडलेत का, हे टॉवरची माणसं बघतात.

दाबाची एवढी भीती का? उंचावर विमान आतून फुग्यासारखं ताणलेलं असतं. जपान एअरलाइन्सच्या एका जंबोची शेपूट १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना आपटली होती. मागच्या दाबभिंतीची दुरुस्ती चुकली, सात वर्षं विमान तसंच उडत राहिलं आणि १२ ऑगस्ट १९८५ ला ती भिंत फुटली. ५२० माणसं गेली. चायना एअरलाइन्सच्या जंबोचा ओरखडा १९८० चा. खराब पत्रा कापून काढण्याऐवजी वर ठिगळ मारलं. खाली तडे वाढत राहिले. २००२ मध्ये विमान हवेतच तुटलं, २२५ मृत्यू.

"बाईस साल!" कारागीर म्हणाला.

तेव्हा उडाल्यावर थोड्याच वेळात विमान मागे वळलं आणि कप्तानानं नुसता 'संशय' असं कारण सांगितलं, तर घड्याळ बघून चरफडू नका.