पेपर, खुर्ची आणि २,१६१ मतं

वाळूजचं कॅन्टीन असो की चिकलठाण्याचं ऑफिस, चहाच्या दुसऱ्या घोटाला कोणीतरी हा डायलॉग मारतंच, "राजकारणात ना, बिझनेसवाली माणसं यायला पाहिजेत. कंपनी चालवतात तसं सरकार चालवतील!" लगेच चार माना हलतात. मग कोणाला तरी आठवतं, की आज आपल्या कॉलनीत नळ यायचा दिवस आहे, आणि चर्चा तिथंच गुंडाळली जाते.

पण बॉस, हा प्रयोग आपल्या छत्रपती संभाजीनगरात होऊन गेलाय. शहर औरंगाबाद होतं तेव्हा. १९९९ ते २०१४, अशी चांगली पंधरा वर्षं चालला. प्रयोगाचं नाव राजेंद्र दर्डा.

यवतमाळ टू जालना रोड

दर्डांना बिझनेस आणि राजकारण, दोन्ही घरातूनच मिळालं. वडील जवाहरलाल दर्डा, सगळ्यांचे 'बाबूजी'. यवतमाळचे स्वातंत्र्यसैनिक, काँग्रेसचे नेते, राज्याचे अनेक वर्षं मंत्री. १९७१ मध्ये त्यांनी नागपुरातून दैनिक 'लोकमत' सुरू केलं. थोरले बंधू विजय दर्डा १९९८ ते २०१६ अशी सलग अठरा वर्षं राज्यसभेत होते. आणि राजेंद्रबाबूंच्या वाट्याला आलं औरंगाबाद.

१९८२ मध्ये लोकमतची औरंगाबाद आवृत्ती निघाली, तेव्हा इथं अनंत भालेरावांच्या दैनिक 'मराठवाडा'चा दबदबा होता. चळवळीतून आलेला तो पेपर. लोकमतनं मात्र धंद्याचं गणित वेगळं मांडलं. गावोगावी वार्ताहर, तालुक्याला एजंट, पहाटे चौकाचौकात गठ्ठे. पेपर हा भलताच अजब धंदा आहे. माल रोज नवा बनवायचा, छापायला येणाऱ्या खर्चापेक्षा स्वस्तात विकायचा, आणि भरपाई जाहिरातीतून काढायची. दुपारनंतर त्याच मालाची रद्दी होते.

या धंद्यानं दर्डांना काय दिलं? कुठल्याही नव्या उमेदवाराला हेवा वाटेल असं नेटवर्क. कुठल्या गल्लीत काय चाललंय, याची खबर रोज सकाळी टेबलावर. शिवाय नाव घराघरात पोचलेलं. तुमच्या मार्केटिंगवाल्या मित्राला विचारा, असा ब्रँड रिकॉल विकत घ्यायला किती बजेट लागतं ते!

सेनेच्या गडात एन्ट्री

तरीही १९९९ ची निवडणूक सोपी नव्हती. औरंगाबाद पश्चिम म्हणजे शिवसेनेचं होमग्राउंड. १९९० आणि १९९५ मध्ये इथून चंद्रकांत खैरे निवडून आलेले. १९९९ मध्ये खैरे लोकसभेवर गेले आणि काँग्रेसच्या तिकिटावर दर्डांनी ही जागा काढली. २००४ मध्ये पुन्हा तीच. मधल्या काळात राज्यमंत्रिपद झालं आणि २००९ मध्ये अशोक चव्हाणांच्या मंत्रिमंडळात थेट उद्योगमंत्री.

एमआयडीसीच्या शहरातला माणूस उद्योग खात्यात! वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना होता, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा. पैसाही खुळखुळत होता. ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी ग्रुप बुकिंग करून एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या आणि देशभर बातमी झाली. आता उद्योगमंत्रीही आपलाच. अजून काय हवं?

पण ही खुर्ची वर्षभरच टिकली. 'आदर्श' प्रकरणात नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाण गेले, पृथ्वीराज चव्हाण आले, उद्योग खातं नारायण राणेंकडे गेलं आणि दर्डांना शालेय शिक्षण मिळालं. कंपनीत असं झालं असतं तर आपण म्हटलं असतं, "सेल्सच्या हेडला एचआरला टाकलं की!" राजकारणात त्याला खातेबदल म्हणतात, आणि हसून शपथ घ्यावी लागते.

शाळेतलं स्टॉक-टेकिंग

गंमत म्हणजे दर्डांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात लक्षात राहिलेलं काम याच खात्यातलं आहे. पटपडताळणी! शाळांना शिक्षक आणि अनुदान मिळतं ते पटावरच्या मुलांच्या आकड्यावर. मग काही संस्थाचालकांनी पटावर न शिकणारी, काही ठिकाणी तर अस्तित्वातच नसलेली मुलं चढवली. नांदेडचे तेव्हाचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी जिल्ह्यात डोकी मोजली आणि बिंग फुटलं. मग ऑक्टोबर २०११ मध्ये सलग तीन दिवस सगळ्या राज्यात मोजणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून मतदारासारखी बोटाला शाई लावली. कागदावरची लाखो मुलं वर्गात सापडली नाहीत.

आता बघा, ही आयडिया शंभर टक्के धंद्यातली आहे. गोडाऊनमधला माल रजिस्टरशी टॅली करणं. पण पुढची स्टेप धंद्यातली नव्हती. कंपनीत घोळ सापडला, की जबाबदार माणसाला त्याच आठवड्यात घरी पाठवता येतं. इथं संस्थाचालकांमध्ये सगळ्या पक्षांचे नेते होते आणि कारवाईचा विषय कोर्टाच्या तारखांवर गेला. मालक म्हणतो आणि होतं. मंत्री म्हणतो, आणि मग फाईल फिरते.

दोन खुर्च्या

एक प्रश्न मात्र विचारायलाच हवा. मंत्री आणि पेपरचा मालक एकच असेल, तर त्या मंत्र्याची बातमी तपासायची कोणी? २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी महाराष्ट्रातल्या 'पेड न्यूज'चा विषय लावून धरला आणि वाचकांना पहिल्यांदाच कळलं, की बातमी आणि जाहिरात यांच्यातली रेघ किती बारीक असू शकते. मालकानं बोट लावलं नाही तरी शंका राहतेच. कारखानदार मंत्र्याला निदान त्याच्या कारखान्याच्या फायली सोडून देता येतात. पेपरवाल्यानं काय सोडायचं? त्याच्या पेपरात तर सगळंच येतं! 'बिझनेसवाली माणसं हवीत' म्हणताना आपण हा पॉइंट सोयीस्कर विसरतो.

मार्केटच बदललं

२००९ मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली. पश्चिम अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि दहा वर्षं जपलेली जागा सोडून दर्डा पूर्वमध्ये आले. तिथंही जिंकले. पण २०१४ मध्ये सगळंच उलटं फिरलं. युती तुटली, आघाडी तुटली, मोदी लाट होती आणि एमआयएम नावाचा नवा खेळाडू शहरात उतरला होता. पूर्वमध्ये भाजपचे अतुल सावे जिंकले, एमआयएमचे डॉ. गफ्फार कादरी अवघ्या ४,२६० मतांनी मागे राहिले, आणि कॅबिनेट मंत्री राहिलेले दर्डा तिसऱ्या नंबरवर गेले.

पेपर तोच, नाव तेच, नेटवर्कही तेच. पण वाचक म्हणजे मतदार नव्हे. आवडता पेपर सकाळी वाचून माणूस दुपारी दुसऱ्यालाच मत देऊन येतो, आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नाही. दर्डा त्यानंतर विधानसभेला उभे राहिले नाहीत. ते आपल्या मूळ कामाकडे, पेपरकडे वळले.

मग कॅन्टीनमधला तो डायलॉग खोटा का? पूर्ण नाही. धंदा माणसाला हिशेब शिकवतो, आणि पटपडताळणीत तो उपयोगी पडला. पण सरकारात हिशेब मांडणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे न पटणाऱ्या माणसांना सोबत घेणं, आणि तिथं मालकाची सवय फारशी कामाला येत नाही.

आणि तुम्ही? जालना, बीड, लातूरहून इथं नोकरीला आलात. भाडं इथं भरता, टँकरचे पैसे इथं देता, पण मतदार यादीत नाव अजून गावाकडेच! २०२४ मध्ये याच पूर्व मतदारसंघात सावेंनी इम्तियाज जलील यांना हरवलं ते फक्त २,१६१ मतांनी. पन्नास सीटची कंपनीची बस धरली, तर जेमतेम ४४ बस. जालना रोडवर शिफ्ट सुटताना त्याहून जास्त बस उभ्या असतात.

नवं नाव नोंदवायचं असेल तर फॉर्म ६, पत्ता बदलला असेल तर फॉर्म ८. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. चहा संपायच्या आत होईल.