रूपकुंडची वाट: हाडांचे तळे आणि थकलेली कुरणे

प्रतिनिधी, वडगाव रासाई

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या सीमेवर, भीमेच्या काठी वसलेले वडगाव रासाई समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १६४६ मीटर. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील रूपकुंड हे तळे मात्र पाच हजार मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या तिप्पट उंचीवर आहे. राजगड-तोरण्याच्या वाटा पायाखाली घातलेल्या पुणेरी गिर्यारोहकांना हिमालयाची ओढ लागली, की जी नावे प्रथम कानी पडतात त्यांत रूपकुंड असतेच. बर्फाने वेढलेले तळे, त्याच्या काठी विखुरलेले मानवी सांगाडे आणि तेथवर नेणारी मैलोन्‌मैल पसरलेली हिरवी कुरणे, अशी या वाटेची ख्याती आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये नैनीताल येथील उत्तराखंड उच्च न्यायालयाने या कुरणांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आणि वर्षानुवर्षे चालत आलेला रूपकुंडचा ट्रेक थांबला. अनेकांना तो निवाडा अनाठायी वाटला. मात्र ही कुरणे कशी तयार होतात आणि माणसांच्या वर्दळीने त्यांचे काय होते, हे समजून घेतले तर न्यायालयाची भूमिका उलगडते. हिमालयात सुट्टी घालवू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने ती जाणून घेण्यासारखी आहे.

दौंड ते लोहाजंग

रूपकुंडच्या खोऱ्यात जाण्यासाठी कुमाऊँमधील काठगोदाम हे सोयीचे रेल्वे स्थानक आहे. पुण्याहून किंवा दौंडहून रेल्वेने दिल्ली, तेथून काठगोदाम आणि पुढे अल्मोडा, ग्वालदम, थराली, देवाल असा घाटरस्त्याचा प्रवास करीत लोहाजंग गाठता येते. ऋषिकेशहून कर्णप्रयागमार्गेही येथे पोहोचता येते. लोहाजंगहून मोटाररस्ता वाण या गावापर्यंत जातो. त्यापुढे सारी पायवाट.

वाण सोडल्यावर वाट ओक आणि बुरांशच्या दाट रानातून चढते. घैरोली पाताल हा झाडीतला मुक्काम तीन हजार मीटरच्या आसपास आहे. त्यापुढे काही अंतर चढल्यावर झाडे एकाएकी संपतात आणि समोर उघडे, लाटांसारखे पसरलेले गवताळ उतार येतात. हेच बेदनी बुग्याल. त्याला लागून अली बुग्याल आहे. बेदनीच्या मध्यभागी बेदनी कुंड नावाचे उथळ तळे असून हवा स्वच्छ असेल तेव्हा ७१२० मीटर उंचीच्या त्रिशूळ शिखराचे प्रतिबिंब त्यात दिसते. काठावर नंदादेवीचे छोटे मंदिर आहे. पुढची वाट पातर नचौनी, कालू विनायक आणि भगुवाबासा या टप्प्यांवरून रूपकुंडाकडे जाते.

ही वाट गिर्यारोहकांच्या कितीतरी आधीपासून यात्रेकरूंची आहे. गढवाल-कुमाऊँची लेक मानल्या गेलेल्या नंदादेवीला सासरी, म्हणजे कैलासाकडे पोहोचवण्यासाठी नौटी गावापासून होमकुंडापर्यंत राजजात निघते. सुमारे २८० किलोमीटरच्या या यात्रेच्या अग्रभागी चार शिंगांचा मेंढा चालतो. बारा वर्षांचा प्रघात सांगितला जात असला, तरी मुहूर्त मागेपुढे होतो. २००० आणि २०१४ या वर्षी ही यात्रा झाली होती. तिचा मार्ग याच कुरणांवरून आणि रूपकुंडाच्या काठावरून जातो.

पुण्याच्या प्रयोगशाळेत पोहोचलेली हाडे

१९४२ मध्ये मधवाल नावाच्या वनाधिकाऱ्याला रूपकुंडाच्या काठी सांगाडे आढळले. दुसरे महायुद्ध सुरू होते, त्यामुळे ते घुसखोर जपानी सैनिकांचे असावेत, असा संशय घेतला गेला. हाडे पुष्कळ जुनी असल्याचे ध्यानात आल्यावर तर्कांची दिशा बदलली. कोणी १८४१ मधील तिबेट मोहिमेतील सैनिक म्हटले, कोणी व्यापारी, कोणी साथीच्या रोगाचे बळी. स्थानिक लोककथा कनौजच्या राजाकडे बोट दाखवते. राजा जसधवल लवाजमा आणि नर्तकी घेऊन यात्रेला निघाला, देवीचा कोप झाला आणि आकाशातून लोखंडासारख्या कठीण गारा कोसळल्या, अशी ती कथा.

या कोड्याशी पुण्याचा जवळचा संबंध आहे. २००४ मध्ये नॅशनल जिओग्राफिकच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात डेक्कन कॉलेजमधील डॉ. सुभाष वाळिंबे आणि डॉ. प्रमोद जोगळेकर यांचा सहभाग होता. काही कवट्यांवर वरच्या बाजूने, गोलाकार वस्तूच्या आघाताने झालेल्या जखमांच्या खुणा आढळल्या. शस्त्राने झालेल्या जखमा अशा नसतात. ऑक्सफर्ड येथील कालमापनात ही हाडे इसवी सन ८५० च्या सुमाराची ठरली. क्रिकेटच्या चेंडूएवढ्या गारांनी यात्रेकरूंचा जथा गारद झाला असावा, असा निष्कर्ष त्यातून पुढे आला आणि लोककथेला विज्ञानाचा आधार मिळाल्यासारखे झाले.

मात्र प्रकरण तेथे संपले नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात ३८ व्यक्तींच्या हाडांतील जनुकीय द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हैदराबादची सीसीएमबी, लखनौची बिरबल साहनी संस्था आणि हार्वर्ड विद्यापीठातील शास्त्रज्ञांसमवेत डेक्कन कॉलेजच्या डॉ. वीणा मुश्रीफ-त्रिपाठी त्यात सहभागी होत्या. ३८ पैकी २३ जण भारतीय उपखंडातील वंशाचे निघाले. ते सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान आणि बहुधा एकाहून अधिक प्रसंगी मरण पावले होते. १४ जणांचे जनुकीय साम्य ग्रीस-क्रीट परिसरातील लोकांशी आढळले आणि त्यांचा मृत्यू इसवी सन १८०० च्या सुमारास झाला होता. एक व्यक्ती आग्नेय आशियाई वंशाची होती. एकाच वादळात सर्वांचा अंत झाला, ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील ही माणसे इतक्या आडवाटेला का आली, याचे उत्तर अद्याप सापडलेले नाही.

हे उत्तर मिळण्यात मोठा अडथळा पाहुण्यांनीच निर्माण केला. गेल्या काही दशकांत येणाऱ्यांनी हाडे हाताळली, छायाचित्रांसाठी एकत्र रचून ठेवली, आठवण म्हणून पिशवीत घालून नेलीही. कोणते हाड कोणाच्या शेजारी होते, हे आज सांगता येत नाही. उत्खननशास्त्रात वस्तूइतकेच तिच्या जागेला महत्त्व असते. रूपकुंडच्या बाबतीत ती जागाच हरवली.

कुरण कसे झिजते?

हाडांचे नुकसान डोळ्यांना दिसते. गवताचे तसे नाही. बुग्याल म्हणजे वृक्षरेषेच्या वर, साधारण ३३०० मीटरच्या पुढे पसरलेली कुरणे. काश्मीरमध्ये त्यांनाच मर्ग म्हणतात. गुलमर्ग आणि सोनमर्ग ही नावे त्यातूनच आली. वर्षातील पाच-सहा महिने ही जमीन बर्फाखाली असते. बर्फ वितळल्यापासून पुन्हा थंडी पडेपर्यंत गवताला वाढण्यासाठी जेमतेम चार-पाच महिने मिळतात. थंडीमुळे पालापाचोळा कुजण्यास फार वेळ लागतो, त्यामुळे मातीचा थर पातळ राहतो. तो थर गवताच्या मुळांच्या जाळीने धरून ठेवलेला असतो.

या जाळीवर रोज शेकडो बूट आणि खेचरांचे खूर पडू लागले की प्रथम गवत जाते, मग माती उघडी पडते. पावसाळ्यात पाणी त्याच उघड्या रेषेतून धावते आणि पायवाटेची घळ होते. चिखल टाळण्यासाठी माणसे शेजारून चालू लागतात आणि एका वाटेच्या चार वाटा होतात. तंबूंची जागा त्याहून अधिक सोसते. पाणी वाहून जावे म्हणून तंबूभोवती खणलेले चर, स्वयंपाकाचे खरकटे, उघड्यावरील शौच आणि प्लॅस्टिक यांचा भार एकाच ठिकाणी हंगामभर पडतो. सह्याद्रीच्या सड्यावर पावसाळा आला की महिनाभरात हिरवळ परतते. हिमालयात फाटलेली हिरवळ सांधायला अनेक वर्षे लागतात. उत्तरकाशी जिल्ह्यातील दयारा बुग्यालवर पडलेल्या घळी बुजवण्यासाठी वनविभागाला काथ्याच्या जाळ्या अंथरून आणि चीडच्या वाळक्या सुयांचे बांध घालून काम करावे लागले.

निवाडा आणि त्याची किंमत

अली-बेदनी-बागजी बुग्याल संरक्षण समितीने या प्रश्नावर जनहित याचिका दाखल केली होती. तिच्यावर निर्णय देताना २१ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाने राज्यातील बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली, पर्यटकांची संख्या दोनशेपर्यंत मर्यादित ठेवण्यास सांगितले, कुरणांवरील पक्की बांधकामे हटवण्याचा आदेश दिला आणि व्यापारी चराई थांबवली. स्थानिक मेंढपाळांना मात्र मुभा ठेवली. वेदनेची नेमकी जागा ओळखणारा हा भेद होता. उन्हाळ्यात कळप घेऊन वर येणारा आणि गवत संपण्यापूर्वी पुढे सरकणारा मेंढपाळ एका जागी ठाण मांडत नाही. तंबूंची वसाहत मांडते.

या निवाड्याची झळही खरी आहे. वाण, लोहाजंग परिसरातील वाटाडे, खेचरवाले, स्वयंपाकी आणि लहान दुकानदार यांचे हंगामी उत्पन्न रूपकुंडच्या ट्रेकवर उभे होते. रूपकुंडपर्यंतची चढाई वाटेतील मुक्कामांशिवाय जवळजवळ अशक्य असल्याने मुक्कामबंदी म्हणजे व्यवहारात ट्रेकबंदी ठरली. त्यावर निघालेला मध्यम मार्ग असा, की मुक्काम खाली झाडीत करायचा, दिवसा अली-बेदनी पाहायचे आणि सायंकाळपूर्वी परतायचे. यात कुंड हुकते, पण कुरण, बेदनीचे तळे आणि त्रिशूळचे दर्शन हुकत नाही. गावातील माणसांचा रोजगारही काही अंशी टिकतो.

गारा आणि विरळ हवा

शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला गारपीट नवी नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागातील पिके गारांनी आडवी केली होती. तापलेली हवा वेगाने वर चढते, ढगातील थेंब गोठतात, पुन्हा पुन्हा वर ढकलले जातात आणि बर्फाचे थर चढून जड झाले की कोसळतात. मोठ्या गारेचा वेग ताशी शंभर किलोमीटरहून अधिक असू शकतो. शेतावर असलेला माणूस गोठ्यात किंवा झाडाखाली धाव घेतो. वृक्षरेषेच्या वर आडोसाच नसतो. पर्वतात ढग बहुधा दुपारनंतर दाटतात. म्हणूनच पहाटे निघून दुपारपूर्वी खाली येण्याची वाटाड्यांची शिस्त असते. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीच्या सहस्रताल ट्रेकवर हिमवादळात सापडलेल्या गटातील नऊ जणांचा बळी गेला, ही घटना ताजी आहे.

दुसरा धोका दिसत नाही. साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो, तर पाच हजार मीटरवर तो निम्म्याच्या जवळ येतो. प्रत्येक श्वासात त्याच प्रमाणात प्राणवायू कमी मिळतो. शरीर जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. तोल जाणे, बरळणे किंवा बसल्या जागी धाप लागणे ही जिवावर बेतणारी. त्यावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे तत्काळ खाली उतरणे. नियमित व्यायाम करणारी तरुण व्यक्तीही यातून सुटत नाही.

जाण्यापूर्वी

* मे-जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर हा काळ निवडावा. पावसाळ्यात दरडी आणि पूर यांचा धोका असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये याच मार्गावरील थराली येथे पाण्याच्या लोंढ्याने मोठे नुकसान केले.

* प्रवेश, शुल्क आणि मुक्कामाचे नियम बदलत असतात. निघण्यापूर्वी वनविभागाच्या स्थानिक कार्यालयाकडून ताजी माहिती घ्यावी. बुग्यालवरच तंबू लावून देण्याचे आश्वासन देणाऱ्यांकडे परवानगीचा कागद मागावा.

* तीन हजार मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात तीनशे ते पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये. एक दिवस विश्रांतीसाठी हाताशी ठेवावा.

* वाटाड्या आणि खेचर गावातूनच घ्यावे.

* एकाच पायवाटेने चालावे, चिखल असला तरी. फुले, वनौषधी आणि अर्थातच हाडे जागच्या जागी राहू द्यावीत. कचरा लोहाजंगपर्यंत परत आणावा.

रूपकुंडाच्या काठी हजार वर्षांपूर्वी आलेल्यांपाशी परतीचा इशारा देणारे कोणी नव्हते. आजच्या प्रवाशापाशी हवामानाचा अंदाज आहे, वैद्यकीय ज्ञान आहे आणि न्यायालयाचा निवाडाही आहे. बेदनीच्या तळ्यात त्रिशूळ पाहून दुपारीच माघारी फिरणारा पाहुणा काही गमावत नाही. पुढच्या वर्षी येणाऱ्यासाठी तो कुरण शिल्लक ठेवतो.