बुलेटचे टॅपेट : फार आवळू नका

लोखंडी सिलिंडरची जुनी ३५० सीसी बुलेट टकटक करू लागली की टॅपेट आवळण्याची घाई होते. परंतु टकटकीपेक्षा फाजील आवळलेले टॅपेट अधिक घातक! पाटाचे दार नीट न बसल्यास पाणी झिरपते. तसा व्हॉल्व्ह पुरता न मिटल्यास तप्त वायू निसटून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो.

लांबच्या प्रवासापूर्वी, इंजिन पूर्ण गार असताना उजव्या बाजूचे टॅपेटचे झाकण काढावे. कॉम्प्रेशनच्या वेळी पिस्टन अगदी वर आणावा. तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. प्रत्येक पुशरॉड बोटांनी सहज फिरावा, वर-खाली मात्र हलू नये. तसे नसल्यास लॉकनट सैल करून जुळणी करावी. नट आवळल्यावर पुन्हा फिरवून पाहावे. हायड्रॉलिक टॅपेटच्या बुलेटला ही जुळणी लागत नाही.