आपलं जंगल म्हणजे आपला बांध
घरच्या लाकडाचे घर बांधू इच्छिणाऱ्या सभासदांसाठी



उसाचे बिल हाती आले की घराचा विषय निघतो. आमच्या दिंद्रुड भागात तर पारावर दोनच मते ऐकू येतात. कोणी म्हणतो पत्रे टाका, कोणी म्हणतो स्लॅब ओता. घरच्या लाकडाचा सांगाडा उभा करावा असे कोणी म्हटले, तर "आपल्याकडं जंगल कुठंय?" असे विचारून लोक हसतात. खरे आहे. मेळघाटासारखे रान आपल्याकडे नाही. आपलं जंगल म्हणजे आपला बांध. पण याच बांधावरच्या लिंबा-बाभळीवर वाडवडिलांनी माळवदे उभी केली आणि तीन-तीन पिढ्या त्यांखाली नांदल्या.

माळवदाची रचना सगळ्यांना ठाऊक आहे. दगडी बैठकीवर खांब, खांबावर तुळई, तुळईवर सर, त्यावर किलचण, मग पाला आणि चिखल, सर्वांत वर पांढरीची माती. म्हणून तर आपण घर खणांवर मोजतो. छपराचा भार खांबांनी घ्यायचा, भिंतीने नुसता आडोसा करायचा, हे त्यातले मर्म.

किल्लारीने काय शिकवले?

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे दमून झोपली होती. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाची धास्तीच बसली आणि पुष्कळांनी ती उतरवून पत्रे घातले.

पण गुन्हा लाकडाचा नव्हता. दोन-तीन फूट रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, त्यांत आरपार जाणारे सांधे-दगड नाहीत. त्या फुटून ढासळल्या. कित्येक घरांत भिंती पडल्या, तरी खांबांवरचे छप्पर उभे राहिले. दुसरा दोष वजनाचा. दरसाल पावसाळ्याच्या तोंडी गळतीवर नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, ही आपली खोड. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर थर म्हणजे एक ब्रास माती, साधारण साडेचार टन. म्हणजे भरलेल्या दोन-तीन बैलगाड्या ऊस डोक्यावर घेऊन आपण झोपतो!

तेव्हा सांगाडा ठेवावा, ओझे कमी करावे.

लाकूड कसे निवडावे?

लिंबाचा गाभा कडू, त्याला कीड सहसा लागत नाही. बाभूळ कठीण व जड. गाडीला, औताला आपण वापरतोच. मात्र तिचे बाहेरचे पांढरे लाकूड भुंगा पोखरतो. जुनी माणसे ओंडके विहिरीत किंवा डोहात काही महिने बुडवून ठेवत, ते उगीच नव्हे. लाकडातला भुंग्याचा खाऊ पाण्यात निघून जातो. नंतर साल काढून, खाली आडवी लाकडे देऊन सावलीत निदान वर्षभर वाळवावे. ओले लाकूड घाईने बसवले तर सांधे सैल पडतात.

खांब कधीही मातीत गाडू नये. वाळवी तिथूनच चढते. खाली दगड द्यावा आणि खांब त्यावरून सरकणार नाही असा बसवावा. खांबाच्या डोक्याला कुसू काढून तो तुळईच्या भोकात घालावा, वरून खुंटी मारावी. कोपऱ्यांत तिरपे धिरे द्यावेत. आपल्या जुन्या घरांत नेमके हेच राहून गेले. धरणी हलली की चौकट तिरकी होते, तिला धिराच आवरतो. भिंत बारीक व हलकी ठेवावी आणि चौकटीशी बांधून घ्यावी.

जुना वाडा उतरवणाऱ्यांना एक विनंती. तुळया आणि खांब जळणाच्या भावात देऊ नका. आधी जाणत्या सुताराला दाखवा. तसे वाळलेले लाकूड आज बाजारात शोधून मिळत नाही.

कुऱ्हाडीच्या आधी

साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह ही झाडे 1964 च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्याखाली येतात. स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत. इतर झाडांबाबतही तोडण्याआधी व लाकूड गाडीत भरण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात विचारावे. मागाहून हेलपाटे नकोत.

आता खरी गोष्ट. आज आपण जे झाड तोडू पाहतो ते बहुधा आजोबांनी लावले किंवा राखले. ऊस आला, सावली नको झाली, बांध कोरले गेले, झाडे गेली. आपण नातवासाठी काय राखले? आषाढात लिंबोळ्या पिकतात. लिंबोळी जुनी झाली की उगवत नाही, म्हणून पडल्या पडल्या लावावी. दोन वर्षे शेरडा-करडांपासून जपावी. एक झाड तोडणाऱ्याने पाच लावावीत, आणि तीही तोडण्याच्या आदल्या पावसाळ्यात.

उसाचे पीक वर्षा-दीड वर्षाने हाती येते. घराचे पीक यायला पिढी लागते. त्याची लागण यंदाच करू या.