बांधावरचे विद्यापीठ

संपूर्ण बुलढाणा जिल्हा १९६९ साली अकोल्यात स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. तेथील कृषी पदवीच्या चौथ्या वर्षी ‘ग्रामीण कृषी कार्यानुभव’ असतो, म्हणजे विद्यार्थी ‘कृषिदूत’ किंवा ‘कृषिकन्या’ या नात्याने खेड्यात शेतकऱ्यांसोबत काम करतात, मातीचे नमुने घेतात आणि बीजप्रक्रियेची, म्हणजे पेरणीपूर्वी बियाण्याला बुरशीनाशक व जिवाणूसंवर्धक चोळण्याची, प्रात्यक्षिके दाखवतात. वर्गातील व्याख्यानांपेक्षा हे शिक्षण अधिक मोलाचे, कारण बांधावर विचारलेल्या प्रश्नाला पाठांतर पुरत नाही. बांधावर दाखवली जाणारी बियाण्याच्या उगवणक्षमतेची चाचणी साधीच असते: सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि त्यांतील किमान ७० उगवले, तरच ते घरचे बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरायचे.