बाजारबुणग्यांनी तारलेली मोहीम

बेंगळुरूच्या कृष्णराजेंद्र मार्केटजवळ जुन्या किल्ल्याचा दिल्ली दरवाजा अजून उभा आहे. २१ मार्च १७९१ रोजी इंग्रज फौज इथल्याच खिंडारातून आत शिरली, असे तिथली शिळा सांगते. शिळेवर मराठ्यांचे नाव नाही. पण ते युद्ध पुणे, हैदराबाद आणि ईस्ट इंडिया कंपनी यांनी मिळून म्हैसूरच्या टिपू सुलतानाविरुद्ध लढलेले होते. १ जून १७९० रोजी पुण्यात तसा तह झाला होता. टिपूने १७८५ साली नरगुंद आणि कित्तूर घेतले, तो सल पुण्याचे कारभारी नाना फडणीस यांच्या मनात होताच.

बेंगळुरूचा किल्ला पडला तेव्हा मराठ्यांचे सेनानी परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात अडकले होते. तो वेढा सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत रेंगाळला. इकडे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने ७ मार्चला बेंगळुरूची पेठ घेतली आणि पंधरवड्यात किल्ला. किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला. यॉर्कटाउनला अमेरिकनांपुढे शस्त्रे ठेवलेल्या या सेनापतीला यशाची घाई होती. तो तसाच टिपूच्या राजधानीवर, श्रीरंगपट्टणवर गेला. १५ मे रोजी अरिकेऱ्याची लढाई जिंकलीही. पण वर पाऊस, खाली चिखल, बैल पटापट मेलेले आणि दाणागोटा संपलेला. वेढ्याच्या अवजड तोफा स्वतःच निकामी करून त्याला मागे फिरावे लागले.

माघारीच्या वाटेवर अचानक घोडदळ दिसले. इंग्रजांना आधी ते टिपूचेच वाटले. ते मराठा सेनानी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ होते! त्यांच्यामागे होता छावणीचा बाजार. म्हैसूरचा इतिहास लिहिणाऱ्या मार्क विल्क्सने त्याची नोंद केली आहे: विलायती बनात, काश्मिरी शाली, हिरे, सराफांची दुकाने, कोकणची खारवलेली सुकी मासळी, आणि कुणा लुटल्या गेलेल्या खेड्यातल्या पोरीचे कानातले चांदीचे डूल. धान्य महाग होते, पण मिळत होते. उपाशी फौज त्यावर जगली. पानिपतच्या पराभवाचे खापर आपण ज्या बाजारबुणग्यांवर फोडतो, त्यांनीच ही मोहीम तारली, असे मी म्हणेन.

त्या डुलाची दुसरी बाजूही लिहिलीच पाहिजे. त्याच वर्षी परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि त्याची डागडुजी करायला पैसा पाठवला तो टिपूने. मराठी वाचकाने ही गोष्ट नजरेआड करू नये.

युद्ध संपवणाऱ्या मार्च १७९२ च्या तहात टिपूचे निम्मे राज्य गेले, ३ कोटी ३० लाख रुपये खंडणी बसली, दोन मुलगे ओलीस गेले. मराठ्यांची हद्द तुंगभद्रेला भिडली. टिपूला नमवावे, पण बुडवू नये, हा पुण्याचा हिशेब मला शहाणपणाचा वाटतो. तो सात वर्षे टिकला. १७९९ च्या युद्धात मराठी फौज उतरली नाही. टिपू पडला आणि तुंगभद्रेपलीकडे कंपनीच्या तंत्राने चालणारे म्हैसूर आले. कंपनी मात्र बैलांचा धडा विसरली नव्हती. १८०३ साली दुसऱ्या बाजीरावाला पेशव्यांच्या गादीवर बसवायला कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्ली हरिहरहून पुण्याकडे निघाला, तेव्हा त्याच्या लष्कराची ओझी ओढायला टिपूच्याच अमृतमहालचे, म्हणजे त्याच्या सरकारी गुरांच्या खात्याचे, बैल होते.