विश्लेषण : आपल्याच शहरात उपरा ठरलेला कवी काय लिहितो?

परदेशी गेलेल्या कवीला परके वाटणे स्वाभाविक. पण जन्म मुंबईतला, पूर्वज कोकणातले, समाजाची भाषा मराठी. तरीही जो ‘बाहेरचा’ ठरतो, तो कवी हे परकेपण कसे मांडतो? इंग्रजीत लिहिणारे निसीम इझिकेल (१९२४-२००४) यांची कविता याचे उत्तर देते.

इझिकेल उपरे कसे?

ते बेने इस्रायली ज्यू. हा समाज शतकानुशतके कोकणात राहिला. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुंबईच्या शाळेत मात्र हिंदू, मुस्लीम, ख्रिस्ती मुलांत इझिकेल वेगळे पडले. त्यात लेखनाची भाषाही मूठभरांची.

कवितेत ते कसे उतरले?

‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ या कवितेच्या नावातच सहज सांगितल्याचा आव आहे. शाळेतला जाच, लंडनमधले दिवस, बोटीवर डेक घासत केलेला परतीचा प्रवास हे सारे येते; पण रडगाणे नाही. कवी स्वतःलाच तिरकस हसतो. तक्रार ऐकून वाचक हळहळतो आणि मोकळा होतो. हसता हसता सांगितलेले मात्र टोचत राहते.

सगळ्यांची वाट हीच का?

नाही. त्याच मुंबईत १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. मराठी त्यांचीच, पण जातीने त्यांना वेशीबाहेर ठेवलेले. त्यांनी सभ्य मराठीची चौकटच मोडली, वेश्यावस्तीची बोली कवितेत आणली. शाळेतला जाच आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा बहिष्कार एका मापाने मोजता येत नाहीत. म्हणून आवाजही वेगळे.

शेवटी इझिकेल यांनी काय निवडले?

इस्रायलच्या स्थापनेनंतर समाजातील अनेक कुटुंबे तिकडे गेली. इझिकेल राहिले. व्ही. एस. नायपॉल यांनी ‘अ‍ॅन एरिया ऑफ डार्कनेस’मध्ये भारतावर कठोर टीका केली, तेव्हा त्यांनी निबंध लिहून उत्तर दिले. इथले दोष त्यांनी नाकारले नाहीत. त्यांचा आक्षेप दुरून बघणाऱ्या नजरेला होता. पुढे वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेल्या. आपलेपणा कुणी बहाल करण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. राहण्याचे ठरवले आणि कामाला लागले.